थेंबसाहेबांची कोरडी चादर

थेंबसाहेबांनी त्या सकाळी एक अगदी लहानसा निर्णय घेतला. बायकोची अट मान्य करायची. हातात चहा होता, चहा गरम होता, आणि गरम चहा हातात असला की माणसाला आपण काहीही करू शकतो असं वाटतं.

थेंबसाहेब हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. ते पाणीपुरवठा खात्यात गळती-निरीक्षक. रस्त्याला कान लावायचा आणि खालचा पाइप कुठे गळतोय ते सांगायचं, हे त्यांचं काम. म्हणून ऑफिसने प्रेमाने (किंवा वैतागून) हे नाव ठेवलं होतं. अख्ख्या शहराची गळती शोधणारा हा माणूस दर रविवारी आपल्या छोट्या विमानात इंधन भरताना निम्मं बाहेर सांडतो, हे ऑफिसात कुणालाच माहीत नव्हतं. घरात मात्र सगळ्यांना माहीत होतं, कारण घराला वास यायचा.

विमान हातभर लांब, पिवळ्या पंखांचं, खऱ्या इंजिनाचं. पोटात अंड्याएवढी प्लॅस्टिकची टाकी. इंधनात एरंडेल असतं. ते वाळत नाही, नुसतं पसरतं. आधी ते सोफ्याच्या उशीवर पसरलं, मग गाडीच्या सीटवर, आणि मागच्या रविवारी सासूबाईंच्या सपातांखाली. सासूबाई त्या दिवशी हॉलमधून गॅलरीपर्यंत एकही पाऊल न उचलता पोचल्या होत्या.

"माझी आई घसरत गेली आणि तुम्ही दात काढत होतात!" बायकोने आठवण करून दिली.

"हसत नव्हतो मी. भीतीने दिसले ते."

"ते काही नाही. आज गॅलरीत टेबल मांडा. त्यावर मी माझी पांढरी चादर घालते. चादरीवर विमान ठेवा आणि टाकी भरून दाखवा. चादरीवर एक जरी थेंब दिसला, तर विमान दादाच्या शोकेसमध्ये."

दादा म्हणजे थेंबसाहेबांचा मेहुणा. त्याने शोकेसचा वरचा कप्पा कधीचाच रिकामा करून ठेवला होता. इंजिन काढून आत बल्ब बसवायचा त्याचा विचार होता. उडत्या विमानाचा नाइट-लॅम्प! थेंबसाहेबांनी विमान छातीशी धरलं. रंग देऊन, खरवडून, पुन्हा रंग देऊन त्यांनी ते पंख सजवले होते. (पहिला रंग चुकून बाथरूमच्या दाराचा होता.)

"मंजूर," ते म्हणाले. "गळती थांबवणं हा माझा धंदा आहे."

टेबल मांडलं गेलं. चादर अंथरली गेली, इतकी पांढरी की तिच्याकडे बघून थेंबसाहेबांनी आधी हात शर्टाला पुसले. पंच म्हणून लेकीची नेमणूक झाली. ती शाळेचं भिंग घेऊन टेबलापाशी उभी राहिली. तिला फारसं बोलायची सवय नव्हती, पण तिच्या नजरेतून काही सुटत नसे, आणि नेमकी हीच गोष्ट थेंबसाहेबांना नको होती. सासूबाईंनी गॅलरीच्या दारात खुर्ची टाकली आणि पेपर उघडला. तो वाचण्यासाठी नव्हता, आडोशासाठी होता.

थेंबसाहेबांनी विमानाच्या पोटाचं झाकण काढून टाकी तपासली. तिला दोन नळ्या होत्या. एकीतून हातपंपाने डब्यातलं इंधन आत जातं. दुसरी नुसतीच बाहेर लोंबत होती. दर रविवारी भरता भरता हिच्यातूनच इंधन ठिबकायचं. दुकानदाराने विमान देताना या नळीबद्दल काहीतरी सांगितलं होतं, पण तेव्हा थेंबसाहेब पंखांकडे बघत होते.

"सापडली!" ते ओरडले. "हीच ती गळती!"

खात्याचा नियम साधा होता. भोक दिसलं की बुजवायचं. त्यांनी त्या नळीत स्क्रू खुपसला, वरून तार आवळली, तारेवर चिकटपट्टी गुंडाळली. मग जिथे जिथे जोड दिसला तिथे तिथे ऑफिसच्या क्लिपा लावल्या. एकच जोड राहिला, पंपाची नळी टाकीला लागते तो. तिथे क्लिप लावायची गरज नव्हती. तो स्वतः निरीक्षक धरणार होते.

"जावईबापू," पेपरमागून आवाज आला, "टाकी आत्ता रिकामी आहे ना?"

"अगदी रिकामी, आई."

"म्हणजे आत हवा असेल."

"असेल की."

"मग ती कुठून बाहेर जाणार?"

थेंबसाहेब समजूतदारपणे हसले. "आई, आमचं खातं पाण्याचं. हवेच्या तक्रारी आमच्याकडे येत नाहीत."

त्यांनी एका हाताने जोड धरला, दुसऱ्या हाताने पंपाचं हँडल फिरवायला सुरुवात केली. सुरुवातीला हँडल लोण्यासारखं फिरलं. चादर कोरडी. थेंबसाहेबांनी बायकोकडे एक विजयी कटाक्ष टाकला. मग हँडल जरा जड झालं. चादर कोरडीच. मग फारच जड झालं.

"बाबा," लेक हळूच म्हणाली, "टाकी गोल झाली."

"भरतेय ती, बाळ."

"नाही, म्हणजे... आधी चौकोनी होती."

थेंबसाहेब नीट बघायला खाली वाकले. चष्मा टाकीच्या अगदी वर आला. आणि बघण्याच्या नादात, खाज सुटली म्हणून, निरीक्षकांनी जोडावरचा हात मिशीला नेला.

फस्स!

नळी निसटून वर उडाली आणि तिच्यामागोमाग टाकीतला सगळा माल. चष्मा होता म्हणून डोळे वाचले. बाकी कपाळ, गाल, मिशी आणि शर्टाची कॉलर यांनी सगळं इमानेइतबारे झेललं. जे उरलं ते पेपरवर गेलं. सासूबाईंनी शांतपणे पान उलटलं.

मग सगळ्यांच्या माना एकदम टेबलाकडे वळल्या. लेक भिंग घेऊन चादरीवर वाकली. या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली, विमानाखालीही डोकावली.

"नाही," ती म्हणाली.

"काय नाही?"

"थेंब नाही. एकही."

बायकोने स्वतः चादरीवरून हात फिरवला. हात कोरडा निघाला. तिने तो उजेडात धरून दोन्ही बाजूंनी बघितला.

"ठीक आहे," ती शेवटी म्हणाली. "शब्द म्हणजे शब्द. राहू दे विमान."

थेंबसाहेबांची छाती टाकीसारखी फुगली. "याला म्हणतात खात्याचं काम!" असं म्हणून ते आपल्या लाडक्या विमानाला उचलायला टेबलावर वाकले.

टप्.

डांबराखालची, दगडमातीखालची गळती ऐकणारे ते कान. हा आवाज ओळखायला त्यांना भिंगाची गरज नव्हती. तरी लेकीने भिंग नेलंच.

"बाबा, एक."

"तो टाकीतला नाही!" थेंबसाहेब कळवळून ओरडले. "मिशीतून पडलाय! विमानाचा काय दोष त्यात?"

टप्. टप्.

बायकोने फोन उचलून दादाला लावला. सासूबाईंनी पेपर खाली केला आणि जावयाकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"खरं आहे त्यांचं, बाई," त्या म्हणाल्या. "विमान बघ कसं कोरडं ठणठणीत आहे. त्याला कशाला घालवतेस घराबाहेर? जे गळतंय ते पाठव."

बायकोने क्षणभर विचार केला. पलीकडून दादाचा "हॅलो, हॅलो" ऐकू येत होता.

"दादा," ती म्हणाली, "तुझ्या शोकेसचा तो कप्पा उंचीला केवढा आहे रे?"