बरणी हलवू नये

विद्याधरला पहिला राग आला तो फोरमनचा. फाल्गुनात निळी द्राक्षं आणून त्याने घरी वाइन केली, बाटलीभर कारखान्यात नेली, आणि या गृहस्थाने घोट घेऊन ती सरळ गटारात थुंकली.

"कच्ची आहे," फोरमन म्हणाला. "जीभ खरवडते. दोन अंड्यांतला पांढरा भाग फेटून घाल, गाळ बसला की वरची नितळ काढ. मग नाताळापर्यंत गार, अंधाऱ्या जागी ठेव. हलवू नको. पण तुम्हा पुणेकरांना धीर कुठला?"

"नाताळात चाखवतो तुम्हाला," विद्याधर दातओठ खात म्हणाला.

अंडी कागदात गुंडाळून आली. त्याच्या बायकोने, वीणाने, दार लावून ती फोडली आणि टरफलं परसात पुरली. धडकी भरण्यासारखंच होतं ते. घरमालक नरसिंहराव यांचं सोवळं घराणं तीनशे वर्षं कानडी मुलखात मुरलेलं, आणि मागच्या भाडेकरूला त्यांनी नुसत्या कांद्याच्या वासावरून बसवनगुडी वस्तीच्या बाहेर काढलं होतं.

गार, अंधारी जागा मात्र एकच होती, नरसिंहरावांचं कोठार. विद्याधरने बरणीवर 'हलवू नये' अशी चिठ्ठी डकवली आणि मालकीणबाईंना सांगितलं, "अक्का, द्राक्षासव आहे. वीणाच्या अशक्तपणावर."

"मग असं उघड्यावर ठेवतात होय रे?" गोदूबाई म्हणाल्या. "आसव धान्यात पुरतात. बघ, मी पुरत्ये."

बरणी नाचणीच्या कणगीत गळ्यापर्यंत गेली. याहून चांगली जागा फोरमनच्या बापालाही सुचली नसती. विद्याधर नऊ महिने त्या कणगीकडे बघत दिवस मोजत राहिला.

नाताळाच्या आदल्या दिवशी त्याने नाचणी उपसली. बरणी फुलासारखी उचलली गेली. तळाशी चार बोटं उरली होती.

त्याचं डोकं भणाणलं. "अक्का, हे कुणी प्यायलं?"

"पिईल कोण? औषध घेतलं," गोदूबाई शांतपणे म्हणाल्या. "दसऱ्याला चिठ्ठीचा कागद गळून पडला, तेव्हा बघितलं, मुरलंय. ह्यांना जेवणावर दोन चमचे दिले. खोकला गेला. मग शेजारच्या सोयराबाईंच्या गुडघ्यांना दिलं. मठातले हयवदनाचार्य तांब्या घेऊन आले, त्यांना नाही कसं म्हणू?"

"अहो पण माझी बरणी! मला विचारायचं तरी!"

वीणाने त्याचा पाय दाबला. त्याने तो सोडवून घेतला. नऊ महिने दम धरला होता त्याने, आणि नाताळची सुट्टी संपली की तो फोरमन सगळ्या खात्यादेखत हसणार होता.

"इतका संताप बरा नव्हे," आतून नरसिंहराव दोन वाट्या घेऊन आले. गाल चांगले तुकतुकीत झाले होते. "स्वल्प तुम्हीही घ्या."

विद्याधरने एक वाटी तोंडाला लावली, आणि राग दुप्पट झाला. वाइन लोण्यासारखी उतरली. खरवड नाही, तुरटपणा नाही. फोरमनला टोपी काढावी लागली असती.

"यात काय घातलंय ते सांगू का तुम्हाला?" तो ओरडला. "सांगतोच आता. मग काढा घराबाहेर."

"अगं, आचार्यांचा तांब्या परत दे जा," नरसिंहराव बायकोला म्हणाले. गोदूबाई गेल्या. त्या दिसेनाशा होईपर्यंत ते थांबले.

"वैद्याकडचं आसव आणून बघितलं मी," मग ते हळूच म्हणाले. "घसा सोलतं. तेव्हा फाल्गुनात नवी बरणी पुरायची. पुरणार नसाल तर खोली रिकामी करा."

विद्याधरने वाटी खाली ठेवली.

"मोठी बरणी घ्या. मागच्या वेळी घातलं होतं ते सगळं घाला, कमी नको," नरसिंहरावांनी आपल्या वाटीतला उरलेला घोट संपवला. "टरफलं तेवढी तुळशीपासून स्वल्प लांब पुरा."