पाळणाघर बंद नसल्याचा दाखला

विमा म्हणजे माणसाने भविष्यावर टाकलेला लेखी विश्वास, आणि दावा म्हणजे त्या विश्वासाचा गैरफायदा. आमच्या दावा विभागात हे वाक्य भिंतीवर लावलेले नाही, कारण तशी गरज कधी पडली नाही. मी या विभागात चौदा वर्षे आहे. या काळात आलेल्या दर शंभर दाव्यांपैकी शहाण्णव तपासाअंती दावेच नसल्याचे निष्पन्न झाले. उरलेल्या चारांचा तपास चालू आहे. लोक आम्हाला दगडाच्या काळजाचे म्हणतात, ते अज्ञानातून. (दगडाचा विमा लगेच उतरतो, काळजासाठी आधी वैद्यकीय तपासणी लागते.)

साथीच्या वर्षी विभागाचा खरा कस लागला. दुकाने, शाळा, सलून, व्यायामशाळा, सगळे एका हुकमाने बंद झाले आणि वर्षानुवर्षे निमूट हप्ते भरणाऱ्या माणसांना अचानक पॉलिसी वाचायची बुद्धी झाली. अशांपैकी एक अर्ज माझ्या टेबलावर आला. तो एका पाळणाघराचा होता.

हे पाळणाघर मला चांगले ठाऊक होते. तळमजल्यावरच्या दोन खोल्या, मोठ्या माणसाच्या कमरेइतक्या उंचीवर ठोकलेल्या बावीस खुंट्या, आणि प्रत्येक खुंटीवर एक चित्र, म्हणजे वाचता न येणाऱ्यालाही आपली पिशवी सापडावी. त्यातली रेल्वेच्या इंजिनाचे चित्र असलेली खुंटी माझ्या मुलाची. वय चार. त्याला तिथे सगळे इंजिनच म्हणत, कारण तो कुठेही चालत गेल्याचे कुणी पाहिलेले नाही. मालकीण म्हणजे मोठी मावशी. हाताखाली मधली मावशी आणि धाकटी मावशी. (धाकटी पन्नाशीची आहे. ती सगळ्यांत शेवटी कामाला लागली, म्हणून धाकटी.)

मोठ्या मावशीची एक पद्धत होती. संध्याकाळी प्रत्येक पिशवीला एक चिठ्ठी टाचलेली असे: जेवण किती, झोप किती, शी झाली का, रडणे किती वेळा आणि का. चिठ्ठी टाचण्याआधी तीच नोंद वहीत उतरायची. मूल अर्धा तास येऊन गेले तरी नोंद व्हायचीच. आमच्या विभागातही इतकी काटेकोर माणसे कमी आहेत. म्हणूनच तिच्याबद्दल मला पहिल्यापासून आदर होता, आणि तो शेवटपर्यंत टिकला हे आधीच सांगून ठेवतो.

माझा मुलगा तिथे जात असल्याने माझे हितसंबंध गुंतलेले आहेत, असे मी नियमानुसार वरिष्ठांना लेखी कळवले. उत्तर आले: "पाळणाघर बंद असल्यामुळे आपला मुलगा तेथे जात नाही, सबब हितसंबंध उद्भवत नाहीत." त्या तारखेला पाळणाघर बंद असल्याचे विभागाला मान्य होते, याची मी इथे नोंद करतो. पुढे तिचा काही उपयोग झाला नाही.

पॉलिसीचे नाव होते "धंदा-खंड कवच". कलम चारप्रमाणे संसर्गजन्य रोगामुळे धंदा बंद पडल्यास भरपाई मिळे, मात्र तो रोग विमा उतरवलेल्या जागेतच उद्भवलेला हवा. मी मावशींना फोन केला.

"एखादं मूल आजारी पडलं होतं का?"

"नाही साहेब. हुकूम यायच्या पंधरा दिवस आधीपासून आम्ही दारातच हात धुवायला लावत होतो. एकालाही काही झालं नाही."

"म्हणजे रोगाला तुम्हीच आत येऊ दिलं नाहीत."

"अजिबात नाही!" त्या अभिमानाने म्हणाल्या. मी ते शब्द जसेच्या तसे उतरवून घेतले.

त्यानंतर अडतीस प्रश्नांचा अर्ज गेला. तो मूळचा चोरीच्या दाव्यांसाठी छापलेला होता, पण साथीसाठी वेगळा छापायला छापखाना उघडा नव्हता. आरोपी (म्हणजे साथ) आत शिरताना कुलूप तुटले काय? आरोपीला यापूर्वी परिसरात पाहिले होते काय? आरोपीने जाताना काय नेले? या शेवटच्या प्रश्नापुढे मावशींनी लिहिले, "बावीस मुले." मुले हा जंगम मालमत्तेचा प्रकार नसल्याने अर्ज दुरुस्तीसाठी परत पाठवावा लागला.

कलम नऊ कामगारांच्या पगाराचे होते, आणि मावशींचा जीव खरा अडकला होता तो तिथे. "मला स्वतःला काही नको साहेब," त्या म्हणाल्या. "त्या दोघींचा पगार आणि खोल्यांचं भाडं एवढं सुटलं की पाळणाघर राहील. त्या दुसरीकडे कामाला लागल्या तर परत यायच्या नाहीत. मग मी काय खुंट्या सांभाळू?"

आता त्या दोघी नोकरीवर आहेत की नाहीत, हे ठरवणे आले. त्यांना काढून टाकले असेल तर पगाराचा प्रश्नच मिटतो. ठेवले असेल आणि त्या घरी बसल्या असतील, तर बसणाऱ्याला दिलेला पैसा हा पगार नसून दानधर्म होतो, आणि दानधर्माचा विमा आम्ही उतरवत नाही. राहिला घरून काम करण्याचा मार्ग. मधल्या मावशीने कळवले की ती घरी दिवसभर स्वतःची दोन मुले सांभाळते आहे. हे काम आहे काय, असा सल्ला मी विधी शाखेकडे मागितला. शाखेने तो प्रश्न फेटाळला, आणि कारण इतके स्वच्छ दिले की मी ते पाठ केले आहे: स्वतःची मुले सांभाळणे हे काम मानल्यास जगातल्या सर्व मातांची थकबाकी एकदम निघेल. मधलीने आपली मुले धाकटीकडे सोडली असती तर मात्र ते काम झाले असते. (आणि हुकमाचा भंगही. दोघींना दंड झाला असता, तोही पगारातून.)

यानंतर जी घटना घडली ती खासगी आहे, पण फायलीत आहे.

या दाव्यावर विचार करायला समितीची बैठक लॅपटॉपवर भरली होती. मी जेवणाच्या टेबलाशी. बायको आतल्या खोलीत दार लावून तिच्या ऑफिसच्या बैठकीत. आमचे प्रमुख म्हणत होते की पाळणाघरात तसे काही करावे लागत नाही, नुसते लक्ष ठेवायचे असते, तेव्हा बंद पडण्यासारखे तिथे नेमके काय आहे? सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. घरात त्या वेळी फार छान शांतता होती आणि तिचा फायदा घेऊन मी वीस मिनिटे कलम चारवर बोललो.

मग न्हाणीघराच्या दाराखालून पाणी आले.

इंजिनने आतून कडी लावून घेतली होती. मी आधी हाक मारली, मग दरडावले, मग चॉकलेट कबूल केले, मग दुप्पट चॉकलेट. आतून फक्त नळाचा आवाज. बायको बाहेर आली, तिने दाराकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले.

"मावशींना फोन लाव."

"अगं, या दाव्यात त्या समोरची बाजू आहेत."

"लाव म्हणते ना!"

मी लावला. "बोला साहेब, कुठला कागद राहिला?" मावशींनी विचारले. मी अडखळत परिस्थिती सांगितली. त्यांचा आवाज तिथल्या तिथे बदलला. "इंजिनचे बाबा, तो रडतोय का?"

"नाही. बराच वेळ शांतच आहे."

"बराच म्हणजे किती?"

"वीसेक मिनिटं."

"अहो बाबा, मूल शांत झालं की बसून राहायचं नसतं, पळायचं असतं. द्या, फोन दाराला लावा."

मी लावला. "इंजिन, गाडी कुठं थांबलीय?" आतून बारीक आवाज आला, "बोगद्यात." "पाणी भरून झालं असेल तर नळ बंद. शाब्बास. आता शिट्टी." शिट्टी झाली. "आता फाटक वर उचल आणि खिडकीच्या बाजूला ओढ." कडी निघाली. इंजिन बाहेर आले, आणि मी जमिनीवर पाण्यात बसून त्याला घट्ट धरले. माझे नाक आणि डोळे दोन्ही गळत होते. (दुसऱ्या दिवशी तपासून घेतले. संसर्ग नव्हता.)

संध्याकाळी फोनवर चिठ्ठी आली. जेवण: विचारले नाही. झोप: नाही. रडणे: एकदा (बाबा).

ही बातमी बाकीच्या घरांत पोहोचायला वेळ लागला नाही. दोन महिन्यांत अकरा घरांतून एक्केचाळीस फोन गेले. कुणाच्या नाकात मणी, कुणी तीन दिवस झोपेना, कुणी आजोबांचे कवळीचे दात लपवून ठिकाण सांगेना. एका आईने स्वतःच रडायला फोन केला होता, आणि तिचीही रीतसर नोंद आहे. मोठी मावशी थकली की मधली बोलायची, मधलीच्या घरी गोंधळ असला की धाकटी. पैसे कुणी दिले नाहीत आणि त्यांनी मागितले नाहीत. उलट या अकरापैकी नऊ घरांनी, पाळणाघर बंद असल्यामुळे फी परत मिळावी, असे लेखी मागितले होते. (दहावे पत्र माझे होते, पण ते पाठवायचे राहून गेले.)

पाळणाघर नेमके कोणत्या तारखेला बंद पडले हे पाहण्यासाठी समितीने वही मागवली. मावशींनी सगळ्या पानांचे फोटो पाठवले, अगदी आदल्या संध्याकाळपर्यंतच्या. एखादीने हुकमाच्या तारखेपाशी थांबून बाकीची पाने ठेवून घेतली असती. त्यांना ते सुचलेसुद्धा नाही.

हुकमानंतरच्या पहिल्या पानावर लिहिले होते: "हजर: एक, फोनवर. इंजिन." ते पान माझ्या नजरेतून सुटू शकले असते. चौदा वर्षांत माझ्या नजरेतून एकही पान सुटलेले नाही. मी ते समितीपुढे ठेवले आणि ती नोंद माझ्याच घरची असल्याचेही सांगितले. प्रमुखांचे डोळे भरून आले.

मग निर्णयाला वेळ लागला नाही. मुले फोनवर का होईना हजर होती, म्हणजे धंदा चालू होता. चालू धंद्यात खंड नाही, सबब कलम चार लागू नाही. फी घेतली नाही, म्हणजे तो धंदा नव्हता. धंदा नाही तिथे कामगार नाहीत, सबब कलम नऊ लागू नाही. एकाच वहीने दोन्ही सिद्ध झाले, असे आमच्या विभागात पूर्वी घडले नव्हते. शिवाय धंदा न कळवता अकरा नव्या जागांत पसरवल्याबद्दल वाढीव हप्त्याची नोटीसही काढावी लागली. सोबत पाळणाघर कधीही बंद नसल्याचा दाखला जोडला. मला प्रशस्तिपत्र मिळाले.

मावशींचा शेवटचा फोन आला तेव्हा त्या मला साहेब म्हणाल्या नाहीत.

"इंजिनचे बाबा, मग त्या दिवशी मी फोन उचलायला नको होता का?"

विमाधारकाच्या काल्पनिक प्रश्नांना उत्तरे देण्याचा मला अधिकार नाही. तसे मी त्यांना सांगितले. त्यांनी इंजिन जेवतो का नीट, एवढे विचारले आणि फोन ठेवला.

मधली आता एका गोदामात पार्सले बांधते. धाकटी गावी भावाकडे गेली. खोल्या भाड्याने निघाल्या तेव्हा त्या आमच्याच कंपनीला स्वस्तात मिळाल्या आणि निकाली दाव्यांच्या फायली तिथे हलवल्या. खुंट्या तशाच आहेत. तिथे गेलो की मी वाकून माझी पिशवी इंजिनाच्या चित्राखाली अडकवतो.

परवा परिपत्रक आले. साथ संपल्याचे घोषित झाले असून सर्वांनी कार्यालयात हजर व्हावे, मुलांची सोय ज्याची त्याने करावी. मी सात पाळणाघरांत विचारून आलो. चार कायमची बंद आहेत. उरलेल्या तिन्हींच्या प्रतीक्षायादीत इंजिनचा नंबर लागला तर तो तेव्हा मिशीसह जाईल. यादीत तुमचेही नाव मी पाहिले. माझ्या खाली आहे.

तुम्ही हे इथवर निवांत वाचलेत, म्हणजे तुमच्याकडे आतल्या खोलीत बराच वेळ शांतता असणार. मावशींचा नंबर मी आत्ताच लावून पाहिला. तो आता अस्तित्वात नाही.