रिकाम्या कुकरच्या शिट्ट्या

"चार दिवसांत एकदाही कुकर लावलेला नाहीस," संजीवनी पुण्याहून फोनवर म्हणाली. तिने विचारले नव्हते, थेट निकाल दिला होता.

श्रीनिवासने हातातली पिशवी आवाज न करता ओट्यावर ठेवली. पिशवीत सिंगापुरातल्या टॅम्पिनीसच्या हॉकर सेंटरमधल्या, म्हणजे तिथल्या खाऊगल्लीतल्या, तळलेल्या नूडल्स होत्या. त्यांचा वास पुण्यापर्यंत जात नाही, एवढाच काय तो दिलासा. "लावला की. काल लावला होता."

"सोमवार शून्य, मंगळवार शून्य, बुधवार शून्य, आज शून्य. नील्सच्या पानावर आहे सगळं."

मागून लेकीचा आवाज आला, "बाबा, ग्राफ सो फ्लॅट, लाह!" बारा वर्षांची निहारिका जन्माने पुण्याची आणि शाळेने सिंगापूरची होती, आणि दोन्ही गावांचा फटकळपणा, वाक्याच्या शेवटी लागणाऱ्या सिंगापुरी 'लाह'सकट, तिने मन लावून शिकून घेतला होता.

"नील्सचा माइक बिघडला असेल."

"बघ हं, श्रीनिवास. आपलं काय ठरलंय ते आठवतंय ना? नाहीतर मी उद्या तिकीट बदलते."

नील्स म्हणजे भिंतीपलीकडचा डॅनिश शेजारी. तांजोंग पगारच्या एका कंपनीत तो इंजिनिअर होता आणि घरी आल्यावरही इंजिनिअरच राहत असे. जे मोजता येईल ते तो मोजायचा आणि रोज संध्याकाळी आपल्या इंटरनेटवरच्या पानावर त्याची बारीकसारीक खबर लिहायचा. 'आज लिफ्टने सरासरी बेचाळीस सेकंद घेतले.' 'राईचा पाव फुगला नाही. हवेत ओलावा अठ्ठ्याऐंशी टक्के.' 'पाल परत आली. तीच आहे असे वाटते.' या पानाला एकंदर अकरा वाचक होते. त्यातली एक नील्सची आई, आणि दोन संजीवनी आणि निहारिका.

शिट्ट्यांचे प्रकरण मार्चमध्ये सुरू झाले. रोज सात वाजता भिंतीतून कसला भोंगा वाजतो, असे विचारायला नील्स आला होता. संजीवनीने त्याला कुकर दाखवला. वाफ कोंडलेले एक भांडे गॅसवर ठेवून ही बाई बाहेरच्या खोलीत फोनवर बोलते, बोलता बोलता टीव्ही बघते, आणि तरीही तिसऱ्या शिट्टीला बरोबर उठते, हे पाहून तो माणूस सर्दच झाला. "म्हणजे टायमर तुमच्या डोक्यात आहे?" त्याने विचारले. संजीवनीने त्याला यादीच दिली: बटाटे दोन, भात तीन, डाळ चार, राजमा सहा. नील्सने रीतसर परवानगी घेऊन आपल्या बाजूने भिंतीला एक माइक चिकटवला आणि पानावर नवा आलेख सुरू केला. प्रत्येक शिट्टीची वेळ सेकंदांसकट. संजीवनीला त्याचे फार कौतुक होते. आपल्या वरणभाताचा कोणी आलेख काढील असे तिला माहेरी कोणी सांगितले नव्हते.

आता हा आलेख श्रीनिवासच्या मुळावर आला होता. मे महिन्यात डॉक्टरांनी त्याची साखर काठावर असल्याचे सांगितले होते. आणि नेमके त्याच आठवड्यात नीलिमाचा फोन आला. नीलिमा ही संजीवनीच्या कॉलेजच्या नाटकमंडळींतली. सोळा वर्षांनी जुनी मंडळी पुन्हा नाटक बसवत होती, आणि त्यात वकीलबाईची मोठी भूमिका संजीवनीसाठी राखून ठेवली होती. संजीवनी दोन दिवस 'नको' म्हणाली आणि तिसऱ्या दिवशी आंघोळ करताना मोठमोठ्याने संवाद म्हणू लागली. श्रीनिवासने स्वतःच तिची तिकिटे काढली. शाळेला जूनची सुट्टी होतीच. निघताना तिने एकच अट घातली: रोज घरचे जेवायचे. बाहेर खाल्लेले कळले, तर नाटक सोडून परत येईन.

ही पोकळ धमकी नव्हती. गॅस बंद केला की नाही हे बघायला ही बाई एकदा लोणावळ्याहून परत आलेली होती. प्रयोग अठ्ठावीस जूनला होता, म्हणजे अजून तेवीस दिवस. श्रीनिवासला तिची पहिल्या तालमीनंतरची हाक आठवली, "अरे, मला सगळं येतंय अजून!" हे नाटक आपल्या नूडल्सपायी बुडाले, तर जन्मभर तोंड दाखवायला जागा राहणार नाही, हे त्याला पुरते कळत होते. पण सोळा वर्षांच्या संसारात त्याने कुकरला हात लावला नव्हता. खरे सांगायचे तर त्याला कुकरची भीती वाटायची.

दुसऱ्या दिवशी रॅफल्स प्लेसच्या ऑफिसात त्याने हे दुःख शैलेंद्रपाशी उघड केले. शैलेंद्र त्याच्याच टीममधला, एकटा राहणारा, आणि सल्ला द्यायला सदैव मोकळा.

"अरे, वहिनींना काय दिसतं? शिट्टी. भात दिसतो का?"

"नाही."

"मग नुसतं पाणी घाल आणि वाजव. सोप्पं."

त्या संध्याकाळी श्रीनिवासने कुकरमध्ये दोन वाट्या पाणी घातले, झाकण लावले, गॅस पेटवला आणि तो स्वयंपाकघराच्या दाराआड उभा राहिला. पहिली शिट्टी झाली तेव्हा तो दचकला, तिसरीला धावत जाऊन त्याने गॅस बंद केला. मग हॉलमध्ये बसून शांतपणे मसाला डोसा खाल्ला. फोन आला.

"आज भात केलास?"

"हो ना. मऊ झालाय अगदी."

पलीकडून लॅपटॉपच्या कळांची टकटक ऐकू आली आणि थांबली. "बरं," संजीवनी म्हणाली.

तिकिटाचा विषय निघाला नाही. श्रीनिवासला आपल्या अंगी एवढी हुशारी असल्याचे नव्याने कळले, आणि नव्या हुशारीचे जे होते तेच झाले: तो वाहवला. रोज रोज भात कसा चालेल म्हणून सोमवारी त्याने सहा शिट्ट्या काढल्या.

"राजमा?" संजीवनीने विचारले.

"हो, सहज."

"आपल्या घरात राजमा नाहीये, श्रीनिवास."

"आणला ना! मुस्तफातून." हे बोलून झाल्यावर त्याला बस पकडून लिटल इंडियातल्या मुस्तफा बाजारात जावे लागले आणि राजम्याची पिशवी टेबलावर ठेवून तिचा फोटो पाठवावा लागला. एका खोट्यापायी एक किलो राजमा घरात आला.

मंगळवारी चार शिट्ट्या काढून तो हुश्श करतो आहे तोच दाराची बेल वाजली. दारात नील्स उभा होता, सहा फूट तीन इंच, अर्धी चड्डी आणि हातात रिकामा वाडगा. डाळीच्या दिवशी संजीवनी त्याला नेहमी वाडगाभर वरण द्यायची.

"चार शिट्ट्या," नील्स आनंदाने म्हणाला. "म्हणजे डाळ."

श्रीनिवासने मागे वळून पाहिले. ओट्यावर कुकरमध्ये उकळते पाणी होते आणि शेजारी उघड्या डब्यात चायनीज फ्राइड राइस. "संपली," तो म्हणाला.

"शेवटची शिट्टी दोन मिनिटांपूर्वी झाली."

"म्हणजे आहे, पण देता येत नाही. आज माझा उपास आहे."

"उपास असताना डाळ करता?"

"उद्यासाठी."

नील्सने मान डोलावली आणि तो वाडगा घेऊन परत गेला. त्याला खोटे बोलता येत नसे, आणि लिहिता तर मुळीच येत नसे. अर्ध्या तासात पानावर खबर आली: 'आज शेजारी डाळ झाली. शेजाऱ्यांचा उपास आहे, असे ते म्हणतात.' खाली नील्सच्या आईने डेन्मार्कहून लिहिले होते, 'बिचाऱ्याला जेवायला बोलाव.'

"कसला उपास?" संजीवनीने फोन केला.

"सोमवार."

"आज मंगळवार आहे."

"काल राजम्याच्या नादात राहून गेला ना, म्हणून आज."

मागे निहारिका खुसखुसत असल्यासारखी वाटली. "तब्येतीला जप," संजीवनी म्हणाली आणि फोन ठेवला.

पण खरे संकट शुक्रवारी लिफ्टपाशी उभे होते. नील्स गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "मला एक विचित्र गोष्ट दिसते आहे. मिसेस संजीवनींच्या वेळी गॅस पेटल्याच्या आवाजानंतर पहिली शिट्टी अकरा मिनिटांनी व्हायची. तुमची चार मिनिटांनी होते. मी हिशोब केला. तुमच्या कुकरमध्ये तीनशे मिलिलिटर पाणी आहे आणि दुसरं काहीच नाही."

"छे, छे! वॉशर बदललाय."

"शक्य आहे. मी आणखी दोन दिवस मोजतो आणि मग लिहितो."

हे पानावर आले की संजीवनी दुसऱ्या दिवशी चांगी विमानतळावर उभी. कुकर भरणे भाग होते. आधी श्रीनिवासला वाटले, आत कपडे धुण्याच्या साबणाच्या वड्या ठेवाव्यात. वजन तर होईल. पण संजीवनीच्या कुकरमध्ये साबण घालण्याइतका तो धीट नव्हता. शेवटी त्याने दोन वाट्या तांदूळ धुतले, एका भांड्यात डाळ घेतली, तिच्यात अंदाजाने हळद टाकली, आणि देवाचे नाव घेऊन झाकण लावले.

पहिली शिट्टी बरोबर अकराव्या मिनिटाला झाली. भिंतीपलीकडून कोणीतरी टाळी वाजवली.

वाफ जिरल्यावर त्याने झाकण उघडले, तर आत खरोखरच भात होता. हे त्याच्या योजनेत नव्हते. अन्न टाकायचे नाही हे तर आईने लहानपणी पाठीत धपाटे घालून शिकवलेले. त्याने थोडा भात खाल्ला, थोडा आणखी खाल्ला, उरला तो नील्सकडे घेऊन गेला. नील्सने एक घास खाल्ला, थोडा विचार केला आणि विचारले, "मीठ घालायची पद्धत आहे ना?"

दुसऱ्या दिवशी मीठ पडले. तिसऱ्या दिवशी फोडणी झाली, करपली. चौथ्या दिवशी जमली. रोज साडेसातला नील्स आपला वाडगा आणि राईचा पाव घेऊन यायचा आणि दोघे जेवता जेवता वाफेचा दाब या विषयावर बोलायचे. राजमा एक किलो होताच, त्याचेही भले झाले. नूडल्सच्या वाटेला जायला श्रीनिवासला वेळच उरला नाही, आणि ही गोष्ट आठवडाभर त्याच्या लक्षातही आली नाही.

सत्तावीस तारखेला सकाळी त्याला एकदम वाटले, आपण जाऊ या. कोणाला न सांगता. शनिवारी दुपारी चारचा प्रयोग, रविवारी परत. त्याच दिवशी, शुक्रवारी दुपारच्या विमानात जागा होती. प्रश्न एकच उरला: शुक्रवारी शिट्टी झाली नाही, तर संजीवनीला ऐन प्रयोगाच्या आदल्या संध्याकाळी संशय यायचा. त्याने किल्ली नील्सच्या हातात दिली.

"आज तीन शिट्ट्या काढ. आणि मी पुण्याला चाललोय हे संजीवनीला सांगायचं नाही. शब्द दे."

"मी तिला सांगणार नाही," नील्सने शब्द दिला.

शनिवारी दुपारी नाट्यगृह भरत आले होते. श्रीनिवास टोपी डोळ्यांवर ओढून शेवटच्या रांगेत बसला. पडदा वर गेला, वकीलबाई रंगमंचावर आल्या, आणि पहिल्याच वाक्याला त्यांनी सगळे थिएटर मुठीत घेतले. ही आपली बायको, हे शेजारच्या अनोळखी गृहस्थांना सांगावे असे त्याला चार वेळा वाटले. पाचव्यांदा त्याने सांगितलेच. शेवटी टाळ्या थांबेनात, तेव्हा त्याला भरून आले आणि टोपी डोळ्यांवर असल्याचा उपयोग झाला.

तो आत गेला तेव्हा संजीवनी चेहऱ्यावरचा रंग पुसत होती. तिने आरशातूनच विचारले, "शेवटच्या रांगेत का बसलास? पुढे तुझी खुर्ची ठेवली होती."

"तुला कसं कळलं?"

तिने फोन पुढे केला. नील्सची कालची खबर होती: 'तीन शिट्ट्या. या मी काढल्या, म्हणून आलेखात वेगळ्या रंगात दाखवतो आहे. श्रीनिवास पत्नीचे नाटक पाहायला विमानाने निघाले आहेत. हे गुपित आहे. मिसेस संजीवनींनी कृपया वाचू नये.'

"म्हणजे..." श्रीनिवासने विचारले, "आधीचंही?"

"अरे, पहिल्याच दिवशी कळलं! तिन्ही शिट्ट्या एकापाठोपाठ दीड मिनिटात? भाताच्या?"

"मग परत का नाही आलीस?"

संजीवनीने कापूस खाली ठेवला. "तिकीट बदलायलाच बसले होते. मग मनात आलं, हा माणूस कुकरला घाबरतो. आणि माझं नाटक बुडू नये म्हणून ऑफिसातून येऊन रोज नुसतं पाणी उकळत उभा राहतोय. म्हटलं, आता तर नाटक करायलाच हवं."

श्रीनिवासने तिचा हात धरला, आणि बऱ्याच वर्षांनी धरला असल्यामुळे दोघेही जरा अवघडले.

"बाबा, यू लुक थिनर, लाह," निहारिका मध्येच म्हणाली. "पण मम्माचं बघ. महिनाभर रोज तालमीनंतर मिसळ. ऑल्सो वडापाव. आजी घरी जेवायला थांबते, ही येतच नाही."

संजीवनी एकदम पर्स आवरू लागली. "तालमी असतात रे. वेळ कुठे मिळतो?" ती पुटपुटली. "चला, नीलिमानं सगळ्यांसाठी हॉटेलात टेबल सांगितलंय."

"हॉटेल नको," श्रीनिवास म्हणाला. "बाहेरचं बास झालं. घरी चल, मी कुकर लावतो."

तासाभराने पुण्यातल्या संजीवनीच्या माहेरी जावयाने सासूला स्वयंपाकघरातून बाहेर बसवले आणि स्वतः ओट्यापाशी उभे राहून बरोबर तीन शिट्ट्या काढल्या. भिंतीपलीकडे डॅनिश माणूस नसल्यामुळे त्यांची नोंद मात्र कुठेच झाली नाही.