सरांना ट्रायॉन दाखवला त्याची गोष्ट

ट्रायॉन दाखवणं म्हणजे माझ्या हातचा मळ, असं मी सकाळीच अख्ख्या प्रयोगशाळेला ऐकवलं होतं. कोणी सांगितलं होतं मला!

मँगनीज मिसळलेल्या अर्धवाहकाचा एक अतिपातळ थर असतो. त्याला क्वांटम विहीर म्हणतात. पाणी नाही, रहाट नाही, नुसतं नाव. तिच्यात इलेक्ट्रॉन आणि 'होल', म्हणजे इलेक्ट्रॉन निघून गेल्याची रिकामी जागा, यांची जोडी जमते, तो एक्सायटॉन. जोडीला आणखी एक आगंतुक इलेक्ट्रॉन चिकटला की झाला ट्रायॉन. संगणकाच्या पडद्यावर, थरातून येणाऱ्या प्रकाशाच्या आलेखात, जोडीचं शिखर उंच, शेजारी ट्रायॉनचं बुटकं. चुंबक लावला की हे बुटकं सरकतं. ते सरकणं म्हणजेच माझा प्रबंध.

पण आमच्या मार्गदर्शक सरांचा छापील आलेखावर काडीचा विश्वास नाही. "स्वतःच्या डोळ्यांनी पाहीन, मगच सही!" माझी शिष्यवृत्ती महिनाअखेरीस संपणार, आणि नमुना गार ठेवणारं हेलियम आजच.

सर आले. अंधारात धडपडतील म्हणून मी दिवा लावला. बुटकं शिखर गायब!

"कुठंय?"

"आत्ता होतं, सर."

"तसे मला केसही होते."

मी सगळे स्क्रू पिळून पाहिले. मग डोक्यात प्रकाश पडला: उजेड आला की तो आगंतुक पळतो. दिवा मालवला, शिखर आलं. तेवढ्यात सरांचा फोन उजळला, शिखर गेलं. सरांनी तो बंद करावा की नाही? उचलला! "अगं, ट्रायॉन बघतोय... नाही, घरी आणता येत नाही." इकडे हेलियम संपत चाललेलं आणि माझा जीव टांगणीला.

शेवटी फोन बाहेर ठेवला, दाराच्या फटीत माझा स्वेटर कोंबला, पडद्याचाही उजेड नको म्हणून त्यावर काळं कापड टाकलं. मी आधी आत डोकावून खात्री केली. शिखर ठणठणीत. मग सरांना खुर्चीत बसवून कापड त्यांच्याही डोक्यावरून ओढलं, आणि चाचपडत चुंबकाचा जोर वाढवत समजावू लागले. सरांनी एकदाही मधे तोंड घातलं नाही. कुणाचं वाक्य म्हणून पुरं होऊ न देणारा हा माणूस! मला अगदी भरून आलं.

हेलियम संपल्याची शिट्टी वाजली.

"पाहिलंत ना, सर?"

कापडाखालून घोरण्याचा आवाज आला. मी कापड उचललं. पडद्यावर शिखर सपाट, कीबोर्डवर सर सपाट.

"सर, सही..." मी रडवेली होऊन म्हटलं.

"न बघता कशी करू?" सर डोळे चोळत म्हणाले. "पण अशी झोप कित्येक महिन्यांत लागली नव्हती गं. पुढचं हेलियम आलं की बोलाव."