सासऱ्यांचे केस हिरवे झाले त्याची गोष्ट

मला वास फार येतात. हा काही मोठा गुण नव्हे, पण दुसरा नसल्यामुळे मी तोच मिरवतो. आमच्या नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास येतो हा शोध मी एका रविवारी लावला आणि लगेच, घरात पाणी शिरतं तिथेच, मुख्य पाइपावर कोळशाचा भला थोरला फिल्टर बसवून घेतला. वास गेला! घरभर तांब्याचे पाइप आणि त्यांतून बिनवासाचं पाणी. पेला उजेडात धरून मी म्हणालो, "बघ, अमृत!"

बायको म्हणाली, "पण ते लोक क्लोरीन उगाच घालतात का हो?"

"सवय असते एकेकाला," मी म्हणालो. (मी विमा कंपनीत लोकांचे दावे नाकारतो. माहिती नसताना ठामपणे बोलणं हा आमच्या कामाचाच भाग आहे.)

पुढे सासऱ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि ते विश्रांतीला आमच्याकडे आले. सासरे निवृत्त बँडमास्तर. ताठ कणा, पांढरेशुभ्र केस आणि लेकीवर अतोनात माया. डोळ्यावर ताण नको, असं डॉक्टरांनी बजावलेलं. सकाळी घरात मीच आधी उठतो, त्यामुळे त्यांचा पहिला चहा माझ्याकडे. ते चहा पीत, "वा, जावईबापू!" म्हणत, आणि तोंडावर हात धरून मोरीकडे धावत.

बायको काळजीत पडली. उलटीनं डोळ्याला धक्का बसला म्हणजे? मी तत्परतेनं चहाचं पाणी दुप्पट वेळ उकळायला लागलो. सासरे दुप्पट वेगानं धावायला लागले.

"मी आपला घरी जातो," ते एकदा हळूच म्हणाले. "तुमच्याकडचं हवापाणी मला मानवत नाही."

"घरी तुमच्या डोळ्यांत औषध कोण घालणार?" बायको म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "तुम्ही चहात घालता तरी काय?"

"प्रेम!" मी म्हणालो. त्यावर तिनं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती मी अजून विसरलेलो नाही.

आणि एका सकाळी सासरे आंघोळ करून आरशापुढे उभे राहिले आणि मटकन खाली बसले.

"जावईबापू, डोळा गेला हो माझा! सगळं हिरवं दिसतंय."

"सगळं?"

"माझे केस."

मी पाहिलं. केस हिरवट होते. पण त्या घाईत माझ्या मनात आलं, घाबरल्यामुळे मलाही तसंच दिसत असणार. आम्ही तिघं तसेच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पळालो. त्यांनी डोळा उलटसुलट तपासला आणि गंभीरपणे सांगितलं, "डोळा एकदम उत्तम आहे. केस हिरवेच आहेत."

सासऱ्यांना हायसं वाटलं. मला अर्थातच वाटलं, म्हातारा या वयात केस रंगवतो! तसं मी बायकोच्या कानात म्हणालोही. ती बाबांच्या केसांची एक बट उजेडात धरून बघत होती. ती विचार करत होती.

माझी बायको कापड रंगवण्याच्या कारखान्यात छटा जुळवते. तुम्हाआम्हाला जिथे नुसतं 'निळं' दिसतं, तिथे तिला निळ्याचं अख्खं खानदान दिसतं. दुसऱ्या दिवशी ती माझ्याआधी उठली. पांढऱ्या वाडग्यात तिनं नळाचं पहिलं पाणी धरलं, नळ थोडा वेळ वाहू दिला आणि दुसरा वाडगा भरला.

"पहिल्यात निळं आहे."

"कुठे?" मी नाक बुडेपर्यंत वाकलो.

"रात्रभर पाइपात बसलेलं पाणी आहे हे. बाबांचा पहिला चहा आणि बाबांची पहिली आंघोळ, दोन्ही याच पाण्यात. आपल्या वाट्याला नंतरचं येतं."

तिची एक मैत्रीण पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत जंतूंचा अभ्यास करते. पाण्याच्या बाटल्या तिकडे गेल्या आणि पाठोपाठ मैत्रीणच घरी आली. पाण्यात तांबं भरपूर उतरलं होतं; सासऱ्यांच्या उलट्या त्यानंच आणि पांढरे केस हिरवे झाले तेही त्यानंच. तिनं पाइपाचा तुकडा कापून घेतला आणि उभा चिरला. आत बुळबुळीत थर आणि त्याखाली टाचणीनं टोचल्यासारखे खड्डे.

"भावोजी, हे जंतूंचं काम," ती म्हणाली. "क्लोरीन त्यांना आवरत होता. तुम्ही तो दारातच काढून घेतलात. मग त्यांनी थर धरला आणि त्याखाली आम्ल सोडून तांबं पोखरलं."

"पण मी पाणी उकळत होतो!"

"उकळून जंतू मरतात, तांबं नाही. पाणी आटलं की ते उलट दाटच होतं."

खरं सांगतो, मी थक्क झालो. डोळ्यांना न दिसणारे जीव, ना हत्यार ना हातोडी, आणि चक्क धातूला भोकं! पण त्याहून थक्क झालो ते बायकोपुढे. ज्या जंतूंना बघायला सूक्ष्मदर्शक लागतो, त्यांना हिनं वाडग्यात नुसत्या रंगावरून पकडलं होतं. मी तसं बोलूनही दाखवलं. सासरे म्हणाले, "लेक कुणाची आहे!"

फिल्टर निघाला. खराब पाइप बदलले. रोज सकाळी आधी नळ वाहू द्यायचा आणि ते पाणी झाडांना घालायचं, असं ठरलं. पुन्हा तपासणी झाली तेव्हा पाणी स्वच्छ निघालं. सासऱ्यांचं पोट शांत झालं, डोळा छान बरा झाला आणि हिरव्या टोकांना न्हाव्यानं कात्री लावली. घरी जाण्याचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

मग मैत्रिणीचा फोन आला. नव्या तंत्रज्ञांच्या वर्गात ती आमच्या घराचं उदाहरण शिकवणार होती. "दोघंही या. भावोजी, तुमच्याशिवाय विषय पुराच होणार नाही."

मी कडक इस्त्रीचा शर्ट घातला. चार शब्द बोलावे लागले तर असावं म्हणून छोटंसं भाषणही पाठ केलं. वर्ग भरलेला होता. मैत्रिणीनं चिरलेला पाइप सगळ्यांना फिरवून दाखवला. "हा झाला परिणाम." मग बायकोला पुढे बोलावलं. "आणि या बाईंनी केलं निदान." टाळ्यांचा कडकडाट झाला. सगळ्यांत जोरात मीच वाजवत होतो.

मग ती माझ्याकडे वळली. मी घसा खाकरून उभा राहिलो.

"आणि हे," ती वर्गाला म्हणाली, "कारण."