साळवेकाकांचा इलॅस्टिकवाला टाय

थांबा, हे आत्ताच सांगून टाकते, दुपारपर्यंत माझ्या पोटात राहणार नाही. आमचे साळवेकाका आज हाफपँट घालून देवळात आले.

तुम्ही म्हणाल, तो क्या? तुम्हाला साळवेकाका माहीत नाहीत ना, म्हणून. आणि देऊळ म्हणजे चर्च बरं का. आम्ही इंदूरचे मराठी ख्रिस्ती चर्चला देऊळच म्हणतो, कॉलेजातल्या मैत्रिणी दर वेळी कन्फ्यूज होतात.

तर साळवेकाका दर रविवारी देवळाच्या दारात काळा कोट घालून उभे. मे महिन्यात पण. कानामागून घामाचे ओघळ, पण कोट निघत नाही. हात जोडून "जय मसीह की" म्हणतात आणि नजर सरळ तुमच्या गळ्यावर. चेहरा नंतर. "कॉलर बोलते, बेटा," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मिलच्या फोल्डिंग खात्यात कापडातले डाग शोधण्यात जन्म गेला, तीच नजर माणसांना लावतात. ओढणी घसरतेय? कोटाच्या उजव्या खिशातून सेफ्टीपिन. शर्टाचं वरचं बटन तुटलंय? डाव्या खिशातून टाय. शाळेतल्या पोरांचा असतो ना, इलॅस्टिकवाला, गाठ आधीच मारलेली, तोच. मरून, पांढऱ्या पट्ट्यांचा. डोक्यावरून घालायचा आणि सटाक्.

कुणी म्हणालंच की काका, देव मन बघतो, तर लगेच, "मान्य. पण मागच्या बाकावरची लोकं तुझी पाठ बघतात ना भिया. इस्त्री मार."

मागे आमचे नवे पाळकसाहेब, म्हणजे चर्चचे पास्टर, बदली होऊन आले, एकदम तरुण. त्या रविवारी ट्रेन लेट, सामान आणि उपासनेचा झगा मागून येणार, तर ते स्टेशनवरून सरळ देवळात. गोल गळ्याचा टीशर्ट आणि जीन्स. काकांनी दारातच धरलं.

"कुठून आलात?"

"जबलपूर."

"तिकडे कॉलर नसते का?"

आणि सटाक्. वर शेवटच्या बाकावर नेऊन बसवलं. घंटा झाली, तसा तो माणूस उठला आणि चालत चालत प्रवचनाच्या पुलपिटावर जाऊन उभा राहिला. टीशर्टावर शाळेचा टाय. सगळं देऊळ हसून हलत होतं, फक्त काका सीरियस. उपासना संपल्यावर पाळकसाहेब टाय काढायला लागले, तर काका म्हणाले, "तुमचा झगा येईपर्यंत राहू द्या, साहेब. गळा उघडा दिसतो."

मग मिल बंद झाली. सकाळचा भोंगा बंद, काकांची नोकरी बंद, आणि माझ्या पप्पांची पण. पप्पा लूमवर होते. काकांचा रविवारचा कोट मात्र चालू. आमच्याकडे मम्मी पप्पांचे जुनेच शर्ट पुरवून पुरवून वापरायला लागली. कॉलर झिजली की उसवायची, उलटी करायची, परत शिवायची. पण कॉलरला बाजू दोनच असतात.

ईस्टरच्या आधी एका रविवारी काकांची नजर पप्पांच्या गळ्यावर गेली. "दानिएल, कॉलर बोलते रे," म्हणाले आणि सगळ्यांसमोर सटाक्. लोकं हसली. पप्पा पण हसले. पूर्ण उपासना तो टाय घालून बसले, जाताना परत पण दिला. पुढच्या रविवारी त्यांचं पोट दुखलं. त्याच्या पुढच्या रविवारी पण. ईस्टरला पण.

काल काका घरी आले, ओव्याची पुडी घेऊन. पप्पा मागच्या दाराने कुठे तरी निघून गेले.

"दानिएलचं पोट कसं आहे, वहिनी? गरम पाण्याबरोबर द्या, दोन दिवसात मोकळं होईल."

मम्मीने चहा ठेवला आणि म्हणाली, "भाऊजी, पोट नाही दुखत त्यांचं. कॉलर दुखते."

काकांनी चहा पूर्ण नाही प्यायला. जाताना दारात उभं राहून स्वतःच्या शर्टाची कॉलर दोन बोटांत चाचपत होते.

आणि आज सकाळी दार वाजलं. उघडते तर काका. कोट नाही. मिलमध्ये घालायचे ती खाकी हाफपँट आणि वर बिनकॉलरची बंडी. पण काय कडक भिया, खळ घालून, इस्त्री मारून. हाफपँट त्यांच्या पायांपासून वेगळीच उभी होती. खाली पॉलिश केलेले काळे बूट आणि गुडघ्यापर्यंत मोजे. मम्मी तोंडाला पदर लावून आत पळाली.

"दानिएल," काकांनी आवाज दिला, "चल, शिफ्टची वेळ झाली."

पप्पा बाहेर आले. काकांना खालपासून वरपर्यंत बघितलं आणि गळ्याशी थांबले.

"साळवे, तुमची कॉलर कुठंय?"

"नाहीच घातली. असेल तर बोलेल ना."

पप्पा मागे वळले. आत गेले, तोच झिजका शर्ट घालून बाहेर आले. दोघं पुढे, मी आणि मम्मी मागे. रस्त्यात पोहेवाल्याने हातातला झारा खाली ठेवून बघितलं. देवळाच्या दारात पाळकसाहेब झगा घालून उभे होते. त्यांनी काकांना बघितलं, ओठ दाबले आणि म्हणाले, "काका, गळा उघडा दिसतो. टाय आणलाय का?"

"आज ते खातं बंद आहे, साहेब," काका म्हणाले आणि पप्पांचा हात धरून थेट पुढच्या बाकावर.

मी त्यांच्या मागेच बसले होते. सगळे प्रार्थनेला वाकले तेव्हा माझं लक्ष काकांच्या मानेवर गेलं. कॉलरशिवाय मी ती आज पहिल्यांदा बघितली. इतकी बारीक झालीय, कोटात कधी कळलंच नाही. पप्पांना पण दिसलं असणार, कारण आमेन झाल्यावर घरी चहाला चला म्हणून त्यांनी काकांना सोडलंच नाही. आत्ता दोघं बाहेर बसलेत आणि काका मम्मीच्या पडद्याची शिलाई तपासतायत.

तुमच्याकडे आलंय का कधी कुणी असं, फक्त तुम्हाला घेऊन जायला, स्वतःचा कोट घरी ठेवून?