साडेतीन वितींचा स्वेटर

पद्मजेनं स्वेटरची पाठ पलंगावर पसरली, तिच्यावर पुढचा भाग ठेवला आणि ती मटकन खाली बसली. पुढचा भाग माईंच्या गुडघ्यापर्यंत पोचला असता. पाठ कमरेपाशीच संपत होती. बाह्या जोडून पाहाव्यात म्हणून तिनं त्या उचलल्या, तर एक बाही हात झाकून वर चार बोटं उरत होती आणि दुसरी कोपराच्या जरा खाली दमली होती. चार तुकडे, चारही एकाच निळ्या लोकरीचे, विणीत एक टाका चुकलेला नाही, आणि चार तुकडे मिळून एका माणसाचा स्वेटर काही होत नव्हता.

माई, म्हणजे तिच्या सासूबाई, दहा दिवसांनी मिरजेहून यायच्या होत्या. पंधरा दिवस राहायला, पहिल्यांदाच चंदीगडला, आणि तेही ऐन जानेवारीत. येताना गरम कपडे आणायचे नाहीत असं त्यांना पत्रानं कळवलं होतं, कारण पद्मजेनं त्यांच्यासाठी स्वेटर विणून ठेवला होता. पत्रात तरी ठेवला होता. तिनं दिवाळीच्या पत्रात "विणायला घेतलाय" एवढंच लिहिलं होतं. खाली चार ओळी लिहायला नवऱ्याला, रघुवीरला, जागा ठेवली, ही तिची चूक. त्यानं लिहिलं, "स्वेटर झाला आहे, फार सुरेख झाला आहे, तू गरम काही आणू नकोस."

आता हा एवढा खटाटोप कशासाठी, तर एका वाक्यासाठी. माईंच्या क्रोशाला अख्ख्या मिरजेत तोड नव्हती. त्यांच्या घरात रेडिओपासून लोणच्याच्या बरणीपर्यंत उघडं असं काही राहिलेलं नव्हतं, सगळ्यावर क्रोशाचे रुमाल. लग्न होऊन आल्यावर त्यांनी पद्मजेच्या हातात सुई दिली आणि साधा गोल रुमाल करायला सांगितला. आठ दिवसांनी जे तयार झालं ते टेबलावर पसरेना. त्याच्या कडा वर वळल्या आणि त्याची टोपी झाली. माई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "असू दे ग. सगळ्यांच्याच हातात कला नसते." आणि पुढची आठ वर्षं प्रत्येक हळदीकुंकवाला, प्रत्येक बारशाला, आल्यागेल्यापुढे सून म्हणून ओळख करून देताना त्यांनी हेच वाक्य त्याच गोड आवाजात म्हटलं. माईंनी ते वाक्य एकदा, एकदाच, परत घ्यावं एवढीच पद्मजेची इच्छा होती. त्यासाठी ती चंदीगडच्या थंडीलाही दुवा देत होती.

खरं सांगायचं तर त्या स्वेटरमध्ये पद्मजेच्या हातची अशी फक्त खालची पट्टी होती. दोन सुलट, दोन उलट, तीन बोटं रुंद. त्यापुढचं काही तिला येत नव्हतं. पण त्या सेक्टरची एक रीत होती. सकाळी नवरे प्रयोगशाळेत गेले की अकराच्या सुमारास क्वार्टर्सपुढच्या हिरवळीवर खाटा पडत, आणि सगळ्या बायका पाठ उन्हाकडे करून विणत बसत. मध्येच कुणाची डाळ आठवली की ती आपलं विणकाम शेजारणीच्या मांडीवर टाकून आत जायची. शेजारीण त्यात चार ओळी घालायची. कुणी विचारायचं नाही, कुणी आभार मानायचे नाहीत. पंजाबात स्वेटर असाच व्हायचा, पाचसहा हातांनी. या रीतीत पद्मजा दुधात साखरेसारखी विरघळली. ती विणकाम शेजारणीच्या मांडीवर टाकून आत जायची ती तासाभरानं बाहेर यायची, पण येताना डिंकाचे लाडू नाहीतर पातळ पोह्यांचा चिवडा घेऊन यायची.

शेजारच्या गिल बहनजींनी लाडू खाल्ला आणि निकाल दिला. "तू खिला, पद्मा. बुनना साडे उत्ते छड्ड." म्हणजे तू खाऊ घाल, विणायचं आमच्यावर सोड. पुढचा भाग आणि एक बाही त्या घरी घेऊन गेल्या. पाठ आणि दुसरी बाही पलीकडच्या सूद बहनजींनी नेली. लांबी किती, असं दोघींनी विचारलं. पद्मजेनं डोळे मिटून माईंना नजरेसमोर उभं केलं आणि सांगितलं, साडेतीन वीत. बाही अडीच वीत. वीत दोघींना कळली, त्यांच्याकडेही तीच चाल होती. फक्त गिल बहनजी साडेपाच फूट उंच, खेड्यात म्हशींच्या धारा काढत वाढलेल्या, आणि त्यांच्या पंजात पद्मजेचे दोन्ही हात मावत. सूद बहनजी इतक्या चिमुकल्या की त्यांच्या बांगड्या शाळेतल्या मुलीच्या मापाच्या. दोघींनी आपापल्या हातानं इमानेइतबारे साडेतीन वीत मोजली.

संध्याकाळी रघुवीर घरी आला. तो प्रयोगशाळेत मोजमापाच्या विभागात होता, केसाच्या शंभराव्या भागाइतका फरक पकडायचं त्याचं काम. त्यानं पट्टी आणली, पलंगावर वाकला आणि फरक पावणेबारा इंच आहे असं जाहीर केलं. मग त्यानं वीत, मूठ आणि चिमूट या मापांवर बायकोला पाऊण तास व्याख्यान दिलं. ज्या घरात मीठ अंदाजानं पडतं त्या घरात दुसरं काय होणार, असं तो म्हणाला. पद्मजेनं त्याला आठवण करून दिली की मीठ अंदाजानं पडलं तरी पत्र त्यानं लिहिलं होतं. त्यावर तो आलेख-कागद घेऊन बसला.

कागदावर स्वेटर झकास झाला. पुढचा भाग वरून उसवायचा आणि त्यातून सुटलेली लोकर पाठीला लावायची, हे ठरलं, कारण बावीस सेक्टरच्या दुकानात त्या निळ्याचं दुसरं निळं मिळेना. उसवण्याचं काम रघुवीरनं स्वतःकडे घेतलं. उसवायला काय अक्कल लागते, असा त्याचा मुद्दा. रेडिओवर बातम्या लागल्या होत्या, हातातून लोकर सरसर सुटत होती, गुंडा वाढत होता, आणि बातम्या संपल्या तेव्हा पुढचा भाग संपून, न बघता हाताला लागलेली पाठही संपली होती. पद्मजा पोळ्या लाटत होती. ती बाहेर आली तर नवरा निळ्या लोकरीचे दोन मोठे गुंडे मांडीवर घेऊन बसलेला.

"आता दोन्ही बाजू समान आहेत," तो बारीक आवाजात म्हणाला.

पद्मजा रडली नाही. रडायलाही थोडी आशा लागते.

दुसऱ्या दिवशी गिल बहनजींनी लोकर हातात घेतली आणि मान हलवली. उसवलेली लोकर कुरळी झालेली, तशीच विणली तर स्वेटरला गाठीगाठी दिसणार. ती भिजवायला हवी, लडी करून ताणून वाळवायला हवी, दोन दिवसांच्या उन्हात सरळ होईल. आम्ही दोघी मिळून चार दिवसांत विणून देऊ, घाबरू नको. पद्मजेनं लोकर भिजवली. आणि त्याच दुपारी धुकं उतरलं. ते उतरलं ते मुक्कामालाच आलं. समोरचं क्वार्टर दिसेना, हिरवळीवरच्या खाटा उचलल्या गेल्या, आणि सूर्य काही माई येईपर्यंत त्या गावाकडे फिरकला नाही. लोकर बैठकीच्या खोलीत दोरीवर लोंबत राहिली. शेगडीजवळ नेली तर एक लड एका बाजूनं करपली आणि घरभर जळक्या केसांचा वास सुटला. पद्मजा रोज सकाळी उठून लोकरीला हात लावायची आणि तो ओला हात पदराला पुसायची. देवाला तिनं नवसही बोलून पाहिला, पण कुठल्या देवाकडे ऊन मागायचं हे तिला नक्की ठाऊक नव्हतं.

माई आल्या. कालका मेल पाच तास उशिरा आली. डब्यातून नऊवारी सुती लुगड्यातल्या माई उतरल्या तेव्हा त्यांच्या अंगावर त्यांची नावाजलेली क्रोशाची शाल होती. कला म्हणून ती अप्रतिम होती, पण जितकी लोकर तितकीच भोकं, आणि प्रत्येक भोकातून चंदीगड आत शिरत होतं. माईंचे दात वाजत होते. रघुवीरनं आपला ऑफिसचा कोट त्यांच्या अंगावर चढवला. घरात पाऊल टाकताच माईंच्या कपाळावर दोरीवरच्या लडीतून एक थेंब पडला.

"स्वेटर कुठाय ग?" त्यांनी विचारलं.

पद्मजेनं वर बोट केलं.

माईंनी दोरीकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं, मुलाकडे पाहिलं. "बरं," म्हणाल्या, आणि कोटाची बटणं लावून शेगडीपाशी बसल्या.

पद्मजेनं जे सुचलं ते सांगितलं. म्हणाली, झाला होता हो माई, पण मापात उन्नीसबीस वाटलं म्हणून उसवला, तुमच्यासमोरच विणते आता. बोलून गेली आणि मग तिच्या लक्षात आलं आपण काय बोललो. अर्धवट ओली लोकर घेऊन ती सुया सरसावून माईंसमोर बसली. दोन सुलट, दोन उलट. येत होतं ते एवढंच. गळा, बाह्या, टाके वाढवणं, घटवणं, सगळ्याच्या नावानं पूज्य. शेजारणींकडे पळावं तर माई नजर हलवत नव्हत्या. पहिल्या दिवशी पट्टी चार बोटं झाली. दुसऱ्या दिवशी एक वीत. तिसऱ्या दिवशी ती मांडीवरून ओघळून जमिनीला लागली.

"किनार फारच मोठी घेतलीस," माई म्हणाल्या.

"इकडे अशीच पद्धत आहे, माई," पद्मजा म्हणाली. तिला स्वतःची दया आली.

चौथ्या दिवशी ऊन पडलं आणि उरलीसुरली अब्रूही उजेडात आली. हिरवळीवर खाटा पडल्या. गिल बहनजी आल्या, माईंच्या पाया पडल्या, त्यांना बीजी, म्हणजे आई, म्हणाल्या, आणि रिवाजाप्रमाणे पद्मजेच्या हातातलं विणकाम काढून घेऊन त्यात सुया चालवू लागल्या. चालवता चालवता त्या माईंना हिंदीत मोठ्या प्रेमानं सांगू लागल्या, तुमच्या सुनेच्या हातचा लाडू सबंध सेक्टरमध्ये कुणाला जमत नाही, मीही करून पाहिला, पण माझ्या मुठीनं डिंक जास्त पडतो. विणण्याचं म्हणाल तर बिचारीला काही येत नाही, ते आम्ही करतो, पहिला स्वेटरही आम्हीच केला होता, मी आणि सूदनं. सूद बहनजींनी मान डोलावली. माईंना हिंदी बोलता येत नव्हतं, पण कळत होतं, नको इतकं कळत होतं.

पद्मजेनं खाली मान घालून गवताची पाती उपटायला सुरुवात केली. आता ते वाक्य येणार. मिरजेत येणार, सांगलीत येणार, आणि आता त्याला चंदीगडची गोष्टही जोडलेली असणार. आठ वर्षं कमी होती म्हणून पुढची आठ वर्षं तिनं स्वतःच्या हातानं, म्हणजे शेजारणींच्या हातानं, विणून घेतली होती. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

माई गिल बहनजींच्या हातांकडे बघत राहिल्या. थोड्या वेळानं सूद बहनजींना कुकरची शिट्टी ऐकू आली, आणि आपलं विणकाम कुणाच्या तरी मांडीवर टाकायचं म्हणून त्यांनी ते माईंच्या मांडीवर टाकलं. माई दचकल्या. मग त्यांनी सुया हातात घेतल्या, गिल बहनजींकडे पाहिलं आणि एक टाका घातला. गिल बहनजी पंजाबीत काही म्हणाल्या. माई मराठीत काही म्हणाल्या. दोघींना उत्तरं पटलेली दिसली.

त्यानंतर माई दुपारच्या जेवणाला आत आल्या नाहीत, ताट बाहेर मागवलं. दुसऱ्या दिवशी त्या दहालाच खाटेवर जाऊन बसल्या. रघुवीरच्या कोटात, डोक्याला मफलर, पाठ उन्हाकडे. मिरजेच्या घरात रघुवीरचे वडील गेल्यापासून त्यांच्याशी बोलायला भाडेकरीण सोडून कुणी नव्हतं, आणि भाडेकरीण नोकरीला जायची. इथे सात जणी त्यांना बीजी म्हणत होत्या आणि प्रत्येकीला क्रोशाचा रुमाल हवा होता. आठवड्याभरात माईंना गळा घालता येऊ लागला. बाह्या दोन्ही सारख्या येऊ लागल्या, कारण त्या स्वतःच्याच वितीनं मोजत होत्या. निळा स्वेटर त्यांचा त्यांनीच पुरा केला, आणि करपलेली लड नेमकी काखेत लपवली. पद्मजा तेवढ्या दिवसांत चार वेळा लाडू वळून बाहेर देत राहिली आणि माईंच्या जाण्याचे दिवस मोजत राहिली. बोलणं काही झालं नव्हतं. कदाचित न बोलताच जातील, अशी तिला आशा वाटू लागली होती.

निघण्याच्या आदल्या दिवशी माईंनी दोघांना समोर बसवलं. अंगात नवा स्वेटर होता आणि तो मापात होता.

"पद्मजा, तुझ्याबद्दल मी आठ वर्षं एक बोलत आले," त्या म्हणाल्या. "ते चुकीचं होतं. मी मागे घेते."

पद्मजेच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. ती वाकून नमस्कार करायला निघाली.

"हातात कला नसते असं काही नसतं," माई पुढे म्हणाल्या. "जवळ बसून शिकवणारं माणूस लागतं. मी तुला आठ दिवस दिले आणि सोडून दिलं, ही माझी चूक. रघू, उद्याचं तिकीट परत कर. मिरजेच्या घराला भाडेकरीण आहे, ती बघेल."

रघुवीरनं बायकोकडे पाहिलं. बायको वाकलेली होती ती तशीच राहिली.

माईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच त्यांच्या आवाजात खरी माया होती.

"सावकाश शिक ग," त्या म्हणाल्या. "मला काही घाई नाही."